बायपोलरमध्ये उन्माद आणि नैराश्याच्या वेळी मेंदू वेगवेगळा चालतो का? स्कॅनमध्ये ते दिसतं का?

तुमच्या धाकट्या भावाला बायपोलर आहे आणि एमआरआय काढला तर तो सध्या कुठल्या टोकाला आहे हे कळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही कळणार. फरक असतो, पण तो बऱ्याच जणांच्या स्कॅनची सरासरी काढल्यावर दिसतो. एकट्या भावाच्या स्कॅनवर बोट ठेवून 'हा बघा उन्माद' असं कुणीही सांगू शकत नाही. सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

मी डॉक्टर नाही. मला १२ वर्षांपासून बायपोलर आहे आणि एकदा एका संशोधनासाठी त्या मशीनमध्ये पडून आलोय. डोक्याभोवती पिंजरा, कानांत बोळे, तरी ठकठक ऐकू येतेच. वरच्या आरशात एकेक अक्षर येतं. प्रत्येक अक्षराला बटण दाबायचं, फक्त 'एक्स' आला की हात आवरायचा. पोरखेळ वाटतो, पण बोटाला लय लागली की नेमका एक्स टपकतो आणि बटण दाबलं जातं. तेव्हा मला फोनवरची माझी उन्मादातली बडबड आठवली. थांबायला हवं हे कळत असतं, तोंड थांबत नाही.

हात आवरायच्या या कामात कपाळामागचा, खालच्या बाजूचा कडेचा भाग महत्त्वाचा असतो. उन्मादातल्या लोकांमध्ये तो निरोगी माणसांपेक्षा कमी काम करताना दिसतो. उलट अमिग्डला, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेला भावनांशी संबंधित बदामाएवढा भाग, भेदरलेले किंवा रागीट चेहरे दाखवले की जास्त उसळतो. थोडक्यात, घोडा उधळलेला आणि लगाम सैल.

मग नैराश्यात याच्या बरोबर उलटं होत असेल? मलाही तसंच वाटायचं. तसं सरळ चित्र मिळत नाही. अमिग्डलाबद्दलचे निष्कर्ष नैराश्यात एकमेकांशी जुळतच नाहीत. १९८५ साली लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर मेंदू किती ग्लुकोज वापरतो ते मोजलं. बायपोलर नैराश्यात वापर कमी होता, आणि रुग्ण सावरला किंवा उन्मादात गेला की वाढत होता. इथवर अपेक्षितच. पण मिश्र अवस्थेतही, म्हणजे अंगात तगमग आणि मनात काळोख असतो तेव्हाही, वापर कमीच निघाला. मी त्या अवस्थेतून गेलोय. येरझारा घालून घालून पाय दुखायचे, आणि एक वाक्य धड पुरं होत नसे. त्यामुळे ही गोष्ट वाचली तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. उन्मादातला माणूस मशीनमध्ये निश्चल पडून राहणं अवघड, आणि बहुतेकांची औषधं चालू असतात. शिवाय बऱ्याच अभ्यासांत एकाच माणसाला तिन्ही अवस्थांत न तपासता वेगवेगळी माणसं ताडून बघितलेली असतात.

हो, तिन्ही अवस्था. तिसरी म्हणजे बरं असण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मूड स्थिर असताना अमिग्डला बऱ्याचदा निरोगी माणसासारखीच वागते, पण कपाळामागचा तो लगाम पुष्कळ अभ्यासांत तेव्हाही सैलच दिसतो. 'आता ठणठणीत आहे, मग गोळ्या कशाला?' असं भाऊ म्हणाला (म्हणेलच, मीही दोनदा बंद करून बसलोय), तर हे त्याला सांगा.

सध्या तो कुठल्या टोकाला आहे हे ओळखायचंच असेल तर झोपेचे तास लिहा. माझी बायको कॅलेंडरवर लिहिते. मागच्या महिन्यात सलग दोन दिवस '४' पडले. मी झकास मूडमध्ये होतो. तिने मला न विचारता डॉक्टरांना फोन लावला.