अलैंगिक : एक शब्द, दोन नकार

कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारणा केली आहे. दहावीच्या वर्गात ‘अलैंगिक प्रजनन’ हा भाग चालू असताना एका मुलीने प्रश्न केला, की वर्तमानपत्रात ‘अलैंगिक व्यक्ती’ असेही छापून येते, तर ही माणसे अमीबासारखी असतात असे समजायचे का? वर्ग हसला. बाईंना मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही आणि मलाही वाटत नाही, कारण मुलीने बोट ठेवले आहे ते शब्दाच्या खऱ्या अडचणीवर.

‘लिंग’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ खूण किंवा चिन्ह असा आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, धूर हे अग्नीचे लिंग मानले जाते ते याच अर्थाने. पुढे नर-मादी ओळखण्याची खूण आणि व्याकरणातले पुल्लिंग-स्त्रीलिंग असे अर्थ त्याला मिळाले. ‘इक’ प्रत्यय लागून झालेल्या ‘लैंगिक’ या विशेषणावर आधुनिक मराठीने दोन कामे सोपवली. एक काम नर आणि मादी या भेदाशी संबंधित गोष्टी सांगण्याचे, दुसरे कामभावनेशी संबंधित गोष्टी सांगण्याचे. ‘अलैंगिक’ मधला ‘अ’ दोन्ही ठिकाणी तोच असला, तरी तो जे नाकारतो ते मात्र एक नाही.

जीवशास्त्रात हा नकार नर आणि मादी युग्मकांच्या, म्हणजे प्रजनन पेशींच्या, मीलनाला लागू होतो. अमीबाचे द्विविभाजन (एकाचे दोन होणे), किण्वाचे म्हणजे यीस्टचे कलिकायन (अंगावर कळी फुटून नवा जीव होणे), पानफुटीच्या पानाच्या कडेला फुटणारी रोपे ही पाठ्यपुस्तकातली उदाहरणे बाईंनी सांगितलीच असतील. पण पंचगंगेच्या काठच्या मुलांना त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे ऊस. आपल्याकडे उसाची लागवड बियाणे पेरून होत नाही. बेण्याच्या दोन-तीन डोळ्यांच्या टिपऱ्या सरीत दाबल्या जातात आणि त्या डोळ्यांतून नवे कोंब येतात. म्हणूनच ‘को ८६०३२’ या वाणाचा करवीरमधला ऊस आणि शिरोळमधला ऊस जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकच असतो. मात्र त्याच उसाला तुरा येतो, तुऱ्यात फुले असतात, आणि नवे वाण तयार करणारे संशोधक त्या फुलांचा संकर घडवून बीही धरतात. म्हणजे ऊस ही वनस्पती अलैंगिक नाही; तिच्या वाढीची एक रीत तेवढी अलैंगिक आहे. २००२ पासून पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाला ज्याने जेरीस आणले, त्या लोकरी माव्याच्या माद्या नराशिवाय पिलांना जन्म देतात. त्या प्रकाराला अनिषेकजनन असे वेगळे नाव आहे. सांगायचे ते इतकेच, की जीवशास्त्रात ‘अलैंगिक’ हे मुख्यतः क्रियेचे विशेषण आहे.

माणसाच्या बाबतीत ते लैंगिक कलाचे विशेषण होते. ज्या व्यक्तीला इतर कोणाविषयीही लैंगिक आकर्षण वाटत नाही किंवा फारच क्वचित वाटते, तिचा कल अलैंगिक म्हणतात. यात शरीररचनेविषयी किंवा मूल होण्याच्या क्षमतेविषयी काहीही सांगितलेले नसते. अशी व्यक्ती प्रेमात पडू शकते, संसार करू शकते, आईबाप होऊ शकते. काहींना प्रेमाची ओढ असते, काहींना तीही नसते. ही निरीक्षणे आजची नाहीत. अमेरिकी संशोधक आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्ये लैंगिक वर्तनाची मोजपट्टी मांडली, तेव्हा तिच्यात न बसणाऱ्यांसाठी ‘एक्स’ हा निराळा गट ठेवावा लागला होता. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमधील १८,००० हून अधिक लोकांच्या पाहणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १ टक्का लोकांनी आपल्याला कोणाविषयीही लैंगिक आकर्षण कधीच वाटलेले नाही असे नोंदवले होते. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनेही, जी व्यक्ती स्वतःला अलैंगिक म्हणवते तिच्या इच्छेच्या अभावाला विकार ठरवू नये, असे म्हटले आहे.

येथे जुन्या वैयाकरणांचा आधार घ्यावासा वाटतो. नकारार्थी ‘अ’चे त्यांनी सहा अर्थ सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. अल्पतेचे त्यांचे उदाहरण ‘अनुदरा कन्या’ हे आहे. तिला पोट नाही असा त्याचा अर्थ नसून तिचे पोट बारीक आहे असा आहे. अलैंगिक प्रजननातला ‘अ’ अन्यत्वाचा आहे: लैंगिक रीतीहून वेगळी रीत. अलैंगिक कलातला ‘अ’ अभावाचा किंवा अल्पतेचा आहे, आणि आकर्षण मुळीच नसणारे व क्वचित वाटणारे असे दोघेही या शब्दात सामावतात ते त्यामुळेच. अनेकांच्या मनात मात्र तो अप्राशस्त्याचा, म्हणजे काहीतरी वाईट किंवा उणे असल्याचा, म्हणून वाचला जातो. हा अर्थ येथे कोणत्याही प्रकारे लागू नाही आणि तो लावल्याने माणसे दुखावतात.

पर्याय म्हणून सुचणारे शब्दही तपासून पाहावेत. ‘नपुंसक’ सर्वस्वी चूक आहे, कारण तो शरीराच्या क्षमतेविषयी बोलतो आणि शिवी म्हणूनही वापरला जातो. ‘ब्रह्मचारी’ व्रत घेतो, म्हणजे त्यात निश्चय आहे. कल हा निश्चयाने येत नाही. ‘निष्काम’ हा शब्द निष्काम कर्मामुळे फळाच्या अपेक्षेशी जोडला गेला आहे. ‘विरक्त’ माणसाचे मन एकूण संसारातूनच उठलेले असते.

तेव्हा ‘अलैंगिक’ हाच शब्द ठेवावा, पण त्याच्यासोबत योग्य नाम लिहावे, असे माझे मत आहे: जीवशास्त्रात ‘अलैंगिक प्रजनन’, माणसाविषयी ‘अलैंगिक कल असलेली व्यक्ती’, आणि त्या कलाला ‘अलैंगिकता’. मराठीने असा भेद दुसऱ्या एका जोडीत आधीच केला आहे. पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेले जास्वंदीचे फूल ‘उभयलिंगी’; स्त्री आणि पुरुष दोघांविषयीही आकर्षण वाटणारी व्यक्ती ‘उभयलैंगिक’. बाईंनी वर्गात ही जोडी फळ्यावर लिहून मग ‘अलैंगिक’कडे वळावे. त्या मुलीला उत्तर असे देता येईल, की अमीबाच्या बाबतीत हा शब्द तो पुढची पिढी कशी निर्माण करतो हे सांगतो, आणि माणसाच्या बाबतीत त्याला कोणाविषयी लैंगिक आकर्षण वाटते की नाही हे सांगतो.