वाचकांचे प्रश्न: ताप, जोर आणि ज्वर

प्रश्न: वास्कोजवळच्या एका उपकेंद्रात मी काम करते. बांधकामावरचे कन्नड आणि हिंदी बोलणारे कामगार मलेरियाच्या गोळ्या चार-पाच दिवस घेतात आणि सोडून देतात. मग काही आठवड्यांनी तोच ताप घेऊन परत येतात. पाकिटावर हिंदीत '१४ दिवस' असं ठळक लिहून देते. आणखी काय करावं?
— परिचारिका, मुरगाव तालुका

उत्तर: त्यांना बेफिकीर ठरवू नका, हा आजार तसा फसवाच आहे. व्हायव्हॅक्स या प्रकारच्या मलेरियाला ३ दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन देतात. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारतं, दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, माणूस कामावर जातो. यकृतात दडून बसलेले जंतू मात्र तसेच राहतात आणि पुढे डोकं वर काढतात. त्यांच्यावर चालतं ते प्रायमाक्विन. ही दोन वेगळी कामं आहेत, हे कळल्याशिवाय चौदाचा आकडा कुणाला पटणार? तेव्हा आधी तेवढंच सांगा: 'ही गोळी तापाची. ही लपलेल्या तापाची, बरं वाटलं तरी घ्यायची.' कन्नडमध्ये गोळीला 'मात्रे' आणि चौदा दिवसांना 'हदिनाल्कु दिन' म्हणतात. एवढे दोन शब्द पाठ केले तरी समोरच्याचा चेहरा बदलतो.

मग कागदावर १४ चौकटी आखा, प्रत्येकीत वार लिहा, शेवटच्या चौकटीला गोल करा. आज सोमवार असेल तर शेवटची गोळी पुढच्या आठवड्यातल्या रविवारी येते. 'समजलं ना?' हा प्रश्न मात्र सोडून द्या, त्यावर सगळेच मान डोलावतात. 'शेवटची गोळी कुठल्या वारी?' असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ द्या. चुकलं तर पुन्हा सांगा. याला दोन मिनिटं जास्त लागतात, पण पुन्हा ताप आल्यावरची रक्ततपासणी आणि फेरउपचार याहून महाग.

भाषेमुळे दोन गोष्टी हमखास निसटतात. पहिली, गरोदरपण. गरोदर बाईला प्रायमाक्विन देत नाहीत, म्हणून पाळी कधी आली होती हे पुरुष मुकादमासमोर नव्हे, बाजूला घेऊन विचारायचं. दुसरी, धोक्याची खूण. ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून लगेच यायचं. हे बोलून समजत नसेल तर कोऱ्या चहाच्या रंगाची बाटली दाखवा.

तारखांचाही घोळ असतो. हिंदीत 'कल' म्हणजे काल आणि उद्याही. कन्नडमध्ये काल म्हणजे 'निन्ने' आणि उद्या म्हणजे 'नाळे'. 'ताप कधी आला?' याऐवजी वार विचारा. आणि आपल्या कोंकणीतला 'जोर' म्हणजे ताप, हे परप्रांतीय रोग्याला ठाऊक नसतं. 'जोर आसा?' असं विचारल्यावर तो ताकदीबद्दल उत्तर देतो!

प्रश्न: आमच्या इमारतीत काम करणाऱ्या बाईसोबत तिची शाळकरी मुलगी दवाखान्यात दुभाषी म्हणून जाते. हे चालतं का?
— वाचक, फोंडा

उत्तर: नोंदणीच्या खिडकीपर्यंत चालेल, तपासणीच्या खोलीत नको. मूल अवघड शब्द गाळतं, लाजेचे प्रश्न विचारतच नाही आणि वाईट बातमी स्वतःच्या आईला सांगायची वेळ त्याच्यावर येते. कामाच्या मालकाने किंवा मुकादमाने दुभाषी होणं त्याहून वाईट. कामावर झालेली दुखापत, क्षयरोग, गर्भपात यांतली कुठलीच गोष्ट त्याच्यासमोर मोकळेपणाने निघत नाही.

त्या भाषेची प्रौढ व्यक्ती, शक्यतो बाईसाठी बाई, शोधावी. समोर कुणी नसेल तर फोनचा स्पीकर पुरतो. एका वेळी दोनच वाक्यं बोलावीत आणि डॉक्टरांनी नजर रोग्याकडे ठेवावी, दुभाष्याकडे नाही. रुग्णहक्कांच्या सनदेनुसार आजाराची आणि उपचाराची माहिती रोग्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवी. संमतीपत्रावर अंगठा उमटवण्याआधी हे मागता येतं, आणि मागावंच.

प्रश्न: आमच्या आरोग्य केंद्रातले फलक देवनागरी कोंकणीत आणि मराठीत आहेत. कन्नड आणि हिंदी फलक लावले की काम झालं ना?
— वाचक, बार्देश

उत्तर: अर्धंच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. पण कितीतरी वयस्क ख्रिस्ती गोंयकार कोंकणी वाचतात ती रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या लिपीत, त्यांना तुमचा फलक आताही परकाच आहे. उलट, उत्तर कर्नाटकातून आलेल्या लमाणी कुटुंबांची घरची बोली कन्नड नव्हे आणि तिला स्वतःची लिपी नाही. तिथे फलकापेक्षा मोबाइलवरचा मिनिटभराचा आवाज बरा, तोही त्याच वस्तीतल्या बाईचा. औषधाच्या पाकिटावर सकाळचा सूर्य आणि रात्रीचा चंद्र काढा. '१-०-१', म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपल्याला सोपं वाटतं, पण ज्याला ते कुणी शिकवलं नाही त्याला तो बसचा नंबर वाटेल. आणि फलक बदलण्याआधी खिडकीवरचा 'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द बंद करा. तो कानावर पडला की माणूस पुढचं काहीच ऐकत नाही.

प्रश्न: आमच्याकडचा एक कामगार क्षयरोगाचं औषध घेतोय आणि सणाला गावी, दुसऱ्या राज्यात, निघालाय. औषध बंद पडेल का?
— वाचक, मडगाव

उत्तर: न सांगता गेला तर पडेल. निघण्यापूर्वी केंद्रात कळवून त्याचा निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरोग्यांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक, कागदावर लिहून घ्यावा. नोंद गावाजवळच्या केंद्राकडे वळवता येते. प्रवास आणि पोहोचल्यानंतरचे काही दिवस पुरतील इतक्या गोळ्या मागून घ्या. तिथे फोन नंबर बदलला तर नव्या केंद्राला लगेच कळवायला सांगा.