लॅपटॉप दिवसातून चार-पाच वेळा बंद पडतोय, फॉरमॅट मारू का?

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षं जुना लॅपटॉप आहे, मध्येच निळा स्क्रीन येतो आणि रीस्टार्ट होतो, पुढच्या आठवड्यात प्रोजेक्ट सबमिशन आहे आणि दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून देतो. माझं ऐकाल तर आज फॉरमॅट मारू नका.

एवढं कळकळीने सांगतोय कारण माझ्या ताईच्या लॅपटॉपचं अगदी हेच झालं होतं, इथे पुण्यातल्याच एका दुकानात दिला, त्यांनी न विचारता फॉरमॅट मारला, तिचं थिसिसचं अर्धं काम आणि आजोबांचे शेवटचे फोटो गेले, आणि तिसऱ्या दिवशी लॅपटॉप परत बंद. म्हणजे दुखणं तसंच आणि डेटा मात्र गेला. ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. नंतर कळलं की रॅमचा (लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीचा) प्रॉब्लेम होता, ज्याचा विंडोजशी काही संबंधच नव्हता.

म्हणून आधी डेटा बाहेर काढा. विंडोज चालू राहतंय तेवढ्या वेळात प्रोजेक्टचं फोल्डर पहिलं कॉपी करा, पिक्चर-गाणी राहू द्या. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर उगाच चालू-बंद करत बसू नका, महत्त्वाचं तेवढं काढून थांबा. विंडोज टिकतच नसेल तर मित्राच्या लॅपटॉपवर ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच एक फुकट सिस्टिम) टाकून घ्या (रुफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पेनड्राइव्हवरचं सगळं पुसतं ते लक्षात ठेवा) आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप चालू करा. बिटलॉकर (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर डिस्क उघडायला ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, आधीच बघून कागदावर लिहून ठेवा.

या पेनड्राइव्हचा दुसरा फायदा मला जास्त मोठा वाटतो. त्यावर दोन-तीन तास व्हिडिओ वगैरे लावून ठेवा. तिथेही लॅपटॉप अडकला किंवा बंद पडला तर विंडोजचा दोष नाही, रॅम, गरम होणं किंवा बोर्ड यातलं काहीतरी आहे. तिथे व्यवस्थित चालला तर विंडोज, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीतर डिस्क. कुठे शोधायचं ते निम्मं तिथेच ठरतं.

विंडोजच्या सर्चमध्ये मेमरी डायग्नोस्टिक टाइप करून रॅम तपासा. ताईचा मी घरीच उघडला होता. शटडाउन, चार्जर काढला, खालचं झाकण उघडून बॅटरीची पिन काढली (बॅटरी फुगलेली दिसली तर हात लावू नका, सरळ दुकानात न्या), मग रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी वर येते. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर दिसत होता, पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासला, कचरा झटकला आणि क्लिप टक् करेपर्यंत परत बसवली. दोन पट्ट्या होत्या, एकेक लावून बघितलं तर एका पट्टीवर दहा मिनिटांत निळा स्क्रीन, दुसरीवर दिवसभर काही नाही. खराब पट्टी बदलली, बास. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे हा उपाय नाही.

झाकण उघडलंच आहे तर पंखा बघा. पंखा आणि जाळीच्या मध्ये धुळीचा करडा पापुद्रा जमतो, वरून दिसतही नाही. टूथपिकने पंखा अडवून धरा आणि मग हवा मारा, मोकळा सोडून फिरवू नका. बंद पडायच्या आधी लॅपटॉप चटके बसण्याइतका तापत असेल तर मी पहिला संशय इथेच घेईन.

डिस्क तपासायला क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पिवळं किंवा लाल दाखवलं की त्या डिस्कवर विश्वास ठेवू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) कर्नल पॉवर ४१ अशी नोंद दिसेल, त्याने घाबरू नका, मशीन नीट बंद झालं नाही एवढंच तो सांगतो, का ते नाही.

हे सगळं ठीक निघालं, डेटा दुसरीकडे उघडून तपासला, तर मग खुशाल विंडोज नव्याने टाका. विंडोज १० असेल तर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय, लॅपटॉपला चालत असेल तर ११ च टाका.

आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) किंवा कुठेही दुरुस्तीला दिलाच तर पावतीवर लिहून घ्या, 'डिस्क पुसू नये'. शक्य असेल तर डिस्क काढून घरीच ठेवा. निळ्या स्क्रीनवर खाली स्टॉप कोड येतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि इथे टाका, मी बघतो.