पणजीबद्दल लिहितेयस ना, मग आधी ती तार खाली काढ

प्रिय बाळ,

तुझी चाळीस पानं वाचली. आधी मोबाईलवर वाचली तेव्हा वैताग आला, म्हटलं बारीक अक्षरांमुळे असेल, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि परत वाचली, तरी वैताग तिथंच. तुझ्यावर नाही गं, त्या शब्दांवर. 'सोसलं' बारा वेळा, 'मूक' नऊ वेळा, 'अन्याय' तर मी मोजायचं सोडून दिलं. पहिल्या पानावरच तू पणजीचा निकाल लावून टाकलास आणि पुढची एकोणचाळीस पानं साक्षीपुरावे गोळा करत बसलीस. आणि गंमत म्हणजे पुरावे चांगले आहेत तुझ्याकडे! फक्त तू त्यांना बोलूच दिलेलं नाहीस.

सुरुवात पणजीच्या लग्नातल्या तांब्यापासून करू. तू फोटो पाठवलास त्यावर स्पष्ट कोरलंय, मामाकडून, शके १८५१ माघ. तू लिहिलंस लग्न १९२९ साली झालं. शकात ७८ मिळवायचे हे तू बरोबर केलंस पण माघ येतो वर्षाच्या शेवटी, जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. म्हणजे १९३०. तू म्हणशील एका वर्षाने काय बिघडतं. बिघडतं बाई, कारण बालविवाहबंदीचा शारदा कायदा पास झाला १९२९ च्या सप्टेंबरात आणि लागू झाला १ एप्रिल १९३० ला, मुलगी चौदा आणि मुलगा अठरा पूर्ण पाहिजे म्हणून. मधल्या सहा महिन्यांत देशभर लोकांनी घाईघाईने पोरीबाळींची लग्नं उरकली. तुझी पणजी नऊ वर्षांची होती असं तुझीच आजी सांगते. आता तिच्या बापाने कायद्याच्या धास्तीने उरकलं की नुसतंच स्थळ चालून आलं म्हणून, हे मला माहीत नाही आणि तुलाही नाही, पण निदान विचार तरी कुणाला! तू सरळ लिहून मोकळी झालीस की 'त्या काळी कायदाच नव्हता'. पास झालेला होता की, फक्त लागू व्हायचा होता. शिक्षाही होती त्यात, महिन्यापर्यंत साधी कैद, हजारापर्यंत दंड. पण एकदा लागलेलं लग्न काही त्या कायद्याने मोडत नव्हतं, आणि तक्रार करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागायची सोय होती, मग गावात कोण कशाला तक्रार करतंय.

अजून एक. लग्न झालं म्हणजे संसार सुरू झाला असं धरून चाललीस तू. नऊ वर्षांची पोर बहुतेक माहेरीच असणार, सणावारी सासरी नेणं-आणणं, आणि न्हाण आल्यावर मग नांदायला पाठवणं. तुझ्या आजीच्या हिशोबाने तेराव्या वर्षी, म्हणजे १९३४ च्या आसपास. हे साल लक्षात ठेव, मला परत लागणार आहे.

आता ते वाक्य ज्याने माझा चहा गार झाला. 'नवऱ्याने तिला गावी टाकून दिलं होतं.' अगं, मग सगळ्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाप्यांनी बायका टाकल्या होत्या असं म्हणावं लागेल. मुंबईत १९२१ च्या शिरगणतीत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या आणि रत्नागिरीत उलटं, बाप्यांपेक्षा बायका जास्त. ती गिरणीत गेलेली माणसं होती. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीने झोपायचं, जेवण खानावळवालीकडे, तिथे बायको कुठे आणणार आणि गावची भातशेती कोण करणार? गावच्या बायकांच्या जिवावर गिरणीमालकांना स्वस्तात मजूर मिळत होता, पगार एकट्याच्या पोटापुरता दिला तरी भागायचं, कारण लावणी, कापणी, म्हातारी-कोतारी, पोरं हे सगळं तिकडे कुणीतरी बिनपगारी सांभाळत होतं. तुला अन्यायच लिहायचाय ना, मग हा लिही, पण त्यासाठी त्या बिचाऱ्या पणजोबाला खलनायक करायची गरज नाही.

आणि ती तार. पडवीच्या खुंटीवरची, जिच्यात मनीऑर्डरची कूपनं ओवलीत, ती तू शेवटच्या पानावर एका ओळीत उरकलीस! मी तर त्या तारेवरच अख्खं लिखाण उभं केलं असतं. तू पाठवलेले फोटो मी मोठे करकरून बघितले. सगळी कूपनं सासऱ्याच्या नावाने. 'तीर्थरूप बाबांस शि. सा. नमस्कार', मग भाताचं, बैलाचं, कुणाच्या तरी उसन्या पैशाचं, आणि शेवटी 'घरातील लहानथोरांस यथायोग्य'. तिचं नाव कुठेच नाही. त्या 'लहानथोरांस'मध्ये कुठेतरी ती आहे. पोस्टमन अंगणात उभा राहून ते मोठ्याने वाचणार, सगळं घर ऐकणार, आणि ती माजघराच्या दाराआड. नवऱ्याने लिहिलं असतं तरी काय लिहिलं असतं, चार माणसांत वाचलं जाणारं? तिनेही आयुष्यभर त्याचं नाव घेतलं नसेल, उखाणा सोडून. हा गप्पपणा दोन्हीकडून होता, रिवाजाचा होता. तो 'मूक' मध्ये कोंबू नकोस.

त्या तारेत १९३४ च्या उन्हाळ्यात खंड आहे. मार्चचं कूपन आहे, मग एकदम ऑगस्टचं. तू लिहिलंस 'पैसे पाठवणंही त्याने बंद केलं'. मला बघता क्षणी कळलं, कारण त्या वर्षी एप्रिलच्या शेवटाला मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला तो जूनपर्यंत चालला, पगारच नाही तर मनीऑर्डर कुठली. पण खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. नवी सून घरात नांदायला आली आणि त्याच उन्हाळ्यात मुंबईचे पैसे थांबले! गावात काय म्हटलं असेल तिला, सांग बघू? पांढऱ्या पायाची. म्हटलं असेलच असं नाही, लिहू नकोस लगेच, पण विचार. घरात असं काही बोललं गेलं असेल तर ते नव्वद वर्षांनीसुद्धा कुणाच्या तरी कानात असतं.

दुसरी एक युक्ती सांगते, जराशी चावट आहे पण कामाची. मुलांचे जन्ममहिने बघ. चाकरमानी घरी यायचा शिमग्याला नाहीतर गणपतीला. फाल्गुनात आला तर मूल मार्गशीर्षाच्या सुमाराला, भाद्रपदात आला तर ज्येष्ठात. तुझ्या यादीतल्या पाच मुलांपैकी चार याच दोन महिन्यांतली! म्हणजे त्यांचा संसार वर्षातून पंधरा-वीस दिवसांचा, तोही भरल्या घरात, बाप्ये ओटीवर आणि बायका माजघरात झोपायच्या त्या घरात. ती दोघं एकमेकांशी कधी, कुठे बोलायची हा प्रश्न तुला पडलाच नाही का? मला तर पहिला तोच पडला. जी मुलं गेली तीही मोज, वंशावळीत नसतील, आजीला विचारलंस तर बोटांवर मोजत सांगेल.

तुला हे सगळं एवढं ठासून सांगतेय कारण मी स्वतः हा घोळ घातलाय. तिशीत असताना माझ्या आजीवर एका दिवाळी अंकात लिहिलं होतं, त्यात तिच्या सासूला अशी काही रंगवली की वाचणाऱ्यांनी दात-ओठ खाल्ले, पत्रं आली, मी खूश. मग आत्या आली, अंक मांडीवर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "ती सासू तेव्हा बत्तीस वर्षांची होती गं, आणि विधवा होऊन चार वर्षं झाली होती." बत्तीस! माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठी. मी डोक्यात धरलेली ती वाकलेली, खाष्ट म्हातारी, जिला मी अंकात आडव्या हाताने घेतलं होतं, ती केशवपन झालेली तरणी बाई होती. चाव्या कमरेला होत्या कारण दुसरं काहीच तिच्याजवळ नव्हतं. तो लेख मी परत कुठे छापू दिला नाही. तेव्हा तुझ्या लिखाणातल्या प्रत्येक माणसापुढे त्या वर्षीचं त्याचं वय लिहून ठेव. पेन्सिलीने.

तू रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळकांचे दाखले दिलेस ते वाचायला छान आहेत, पण तुझ्या पणजीला त्यांचं लुगडं नेसवू नकोस. रमाबाईंना नवऱ्याने शिकवलं आणि घरातल्या बायकांनी त्यावरून छळलं, लक्ष्मीबाईंचा नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला आणि पुढची काही वर्षं त्यांची ताटातूट झाली, ही शिकलेल्या ब्राह्मण घरांतली दुःखं. तिथे विधवेचं लग्न म्हणजे गावाने वाळीत टाकायचं प्रकरण, महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये केलं तर त्यांच्या मुरुड गावात बहिष्कार. तुमच्याकडे मात्र पाट लागायचा, तुझ्या पणजीच्या थोरल्या जावेचाच दुसऱ्यांदा लागलेला आहे, तूच लिहिलंयस सातव्या पानावर, आणि तरी अकराव्या पानावर 'पुनर्विवाहाची कल्पनाही करता येत नसे'!

म्हणून सगळं गोडगोड कर असं म्हणत नाहीये मी. तांब्यावर कोरलेलं नाव तुझ्या चाळीस पानांत एकदाही नाही, बघितलंस का? ते माहेरचं. लग्नात तांदळात दुसरं लिहिलं आणि हे तांब्यावर राहिलं, त्यानेच ती रोज पाणी प्यायली. इथे चिडलीस तर मी तुझ्या बाजूने आहे.

आता काम. ती तार खुंटीवरून उतरव, कूपनं ओढून काढू नकोस फाटतील, टोकाकडून एकेक सोडव, दोन्ही बाजूंचे फोटो काढ, शिक्क्यावरची तारीख वाचता येईल असे. आणि चिपळूणच्या आत्याआजीला फोन कर, ती ज्येष्ठातली ना? दुपारी चारनंतर कर, तेव्हा ती कानाचं मशीन लावते. लग्नाचं काही विचारूच नकोस पहिल्यांदा. विचार की शिमग्याला बाबा यायचे तेव्हा आई त्या दिवशी काय रांधायची.

तुझी,
बाई