हंपी या खेपेला राहू द्या

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि हंपी असा बेत आहे. सोबत गुडघेदुखीचा त्रास असलेली आई, आठ आणि तेरा वर्षांची मुलं. जमेल का? मुलं देवळांना कंटाळतील अशी धास्ती आहे.
— एक वाचक

उत्तर : जमेल, पण निम्मी सुट्टी गाडीत जाईल. हंपीला सवडीने वेगळं जा. बदामीत मुक्काम टाका. सोलापूर-गदग रेल्वेमार्गावरच बदामी आहे, तेव्हा विजापूरचा गोल घुमट वाटेत उरकेल.

एका दिवसात दोन्ही : आधी ऐहोळे, परतताना पट्टदकल. क्रम उलटा करू नका. ऐहोळ्यात चालुक्यांचे कारागीर अजून चाचपडताना दिसतात. कुठे सपाट छप्पर, कुठे मागून अर्धगोल देऊळ. पट्टदकलला त्यांचा हात बसलेला कळतो. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची शिखरं तिथे एकाच आवारात आहेत. मोठ्याला ऐहोळ्याच्या मेगुती टेकडीवर न्याच. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने हर्षवर्धनाला हरवलं हे सांगणारा इ. स. ६३४ चा शिलालेख तिथल्या जैन मंदिराच्या भिंतीवर आहे. तीन ‘महाराष्ट्रकां’तल्या, म्हणजे त्या नावाच्या तीन प्रदेशांतल्या, ९९,००० गावांचा उल्लेखही त्यातच! आईंनी तेवढा वेळ खाली दुर्ग मंदिराच्या ओवरीत बसावं.

बदामीच्या लेण्यांना पायऱ्या आहेत, पण पहिलं लेणं फार वर नाही आणि मुलांची खरी गंमत तिथेच. अठरा हातांचा नटराज आहे. उजवा कुठलाही एक हात आणि डावा कुठलाही एक, अशा जोड्या लावून किती मुद्रा होतात ते त्यांना मोजू द्या. (गाइड ८१ सांगतात, तुम्ही आधी सांगू नका.) डाव्या बाजूच्या द्वारपालाच्या पायाशी बैल आणि हत्ती आहेत, दोघांना मिळून डोकं मात्र एकच. एक धड तळहाताने झाका, हत्ती दिसेल. दुसरं झाका, बैल. धाकटा तिथून हलणार नाही. तिसरं लेणं सर्वांत भव्य, त्यात इ. स. ५७८ चा लेख आहे. तिथवर चढवत नसेल तर आईंना अगस्त्य तलावाच्या काठाने भूतनाथ मंदिराकडे न्या. ऊन उतरल्यावर जा, समोरचे वालुकाश्माचे कडे तेव्हा तांबडेलाल होतात.

माकडं फार आहेत. खाऊची पिशवी गाडीतच ठेवा.