बॉक्सिंगमध्ये अमॅच्युअर चॅम्पियन प्रो झाला की त्याला सुरुवातीला हरणारेच प्रतिस्पर्धी का देतात?

तुमचा प्रश्न असा की धाकटा भाऊ ७०-८० अमॅच्युअर फाईट खेळून आता प्रो, म्हणजे पैसे घेऊन खेळणारा, होतोय, मॅनेजर त्याच्यासमोर "२ जिंकलेला, ३१ हरलेला" असली माणसं उभी करतोय, तर ही फसवणूक नाही का, आणि असल्या "भाडोत्री हरणाऱ्यांना" हरवून भावाचा फायदा काय.

फायद्याचं नंतर. आधी त्या भाडोत्री शब्दाचं बघू, कारण तो ३१ हरलेला माणूस मीच समजा. माझ्या नावापुढे ९ विजय, ४३ पराभव, ३ ड्रॉ आहेत आणि निम्म्याहून जास्त पराभव तुमच्या भावासारख्याच पोरांकडून.

मी पण आधी होम कॉर्नरचाच होतो हो, म्हणजे प्रमोटरचा स्वतःचा पोरगा. पहिल्या चार प्रो फाईट जिंकल्या, पाचवीत हाताचं हाड मोडलं, आठ महिने घरी बसलो, परत आलो तोवर शो भरवणाऱ्या प्रमोटरकडे नवीन पोरगा आला होता. तिकिटं विकणं मला कधी जमलं नाही, आणि छोट्या शोमध्ये समोरच्याचे पैसे तुमच्याच तिकिटांतून निघतात हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मग एका मंगळवारी जोड्या लावणाऱ्या मॅचमेकरचा फोन, शनिवारी सहा राउंड आहेत, वजन जमेल का. जमवलं. त्यानंतर फोन येतच राहिले.

एका फाईटचं सांगतो. समोर नॅशनलचं गोल्ड असलेला पोरगा, तीन प्रो फाईट, तिन्ही नॉकआउट, तिन्ही मिळून रिंगमध्ये चार राउंडसुद्धा काढलेले नाहीत. हात इतका फास्ट की पहिले दोन राउंड मला त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, दिसलाच नाही, लागल्यावर कळायचं की येऊन गेला. वर आठ औंसचे ग्लोव्हज, अमॅच्युअरच्या दहाच्या मानाने प्रत्येक बोट जाणवतं. तिसऱ्यात माझी भुवई सुजली, हॉलमध्ये त्याच्या नावाचा आरडाओरडा, माझ्या बाजूने ओरडणारा फक्त माझा कॉर्नरवाला आणि त्यालाही लवकर घरी जायचं होतं.

आणि मग चौथ्याची बेल झाली. अमॅच्युअरमध्ये तीन तीन मिनिटांचे तीन राउंड, नऊ मिनिटांत दुकान बंद, त्यामुळे ही पोरं हातचं काही राखतच नाहीत, सगळं पहिल्या बेलपासून ओतून मोकळी होतात. तो स्टुलावरून उठताना मागे वळून कोचकडे बघत होता. आयुष्यातला पहिला चौथा राउंड. मी त्याचीच वाट बघत होतो. गेलो, डोकं त्याच्या छातीला लावलं, अंगाचा सगळा भार त्याच्या मानेवर टाकला, त्याचा डावा हात काखेत दाबला आणि मोकळ्या हाताने बरगड्यांवर हलकं हलकं मारत राहिलो. जोरात नाहीच. त्याने दुखत नाही पण श्वास पुरा होऊ देत नाही. अमॅच्युअरचा रेफरी लगेच ब्रेक करतो, प्रोमध्ये बरेच रेफरी एक हात मोकळा असेल तर चालू देतात. पाचव्यात त्याचं तोंड उघडं पडलं, गमशील्ड (दातांवरचं कवच) दिसायला लागलं.

सहाव्यात मात्र पोरानं स्वतःच डोकं चालवलं, मी टेकायला गेलो की एक पाऊल बाजूला, आणि मी हवेत. जजचं गुणांचं कार्ड ५८-५६, त्याच्या बाजूने. बरोबर होतं ते, चार त्याचे दोन माझे.

नंतर मी पॅसेजमध्ये बर्फ लावून उभा होतो तर हा आला, पायात नुसते मोजे, खांद्यावर टॉवेल, "दादा, माझा डावा हात धरून ठेवला होता तो कसा?" मग तिथेच भिंतीला टेकून त्याला दाखवलं, कोपर कुठे अडकवायचं, कपाळ कुठे ठेवायचं आणि त्यातून सुटायचं कसं. त्याचा मॅनेजर लांबून बघत होता, मला म्हणाला तुझे पैसे पाकिटात आहेत. बास.

आता ही शाळा चुकवली तर काय होतं? लोमाचेंको घ्या. ३९६ विजय आणि १ पराभव असा अमॅच्युअर रेकॉर्ड, २००८ आणि २०१२ ची दोन ऑलिंपिक गोल्ड, आणि दुसऱ्याच प्रो फाईटला, मार्च २०१४ मध्ये, थेट वर्ल्ड टायटल. समोर ओरलांडो सालिडो, तेव्हा १२ फाईट हरलेला, वजनही जमवलं नाही म्हणून त्याचा चॅम्पियनचा बेल्ट वजनकाट्यावरच गेला. त्या सालिडोने बारा राउंड मिठी मारली, कमरेखाली मारलं, बॉडी फोडली आणि स्प्लिट डिसिजनने, म्हणजे तीनपैकी दोन जजच्या मतांवर, जिंकला. शेवटच्या राउंडमध्ये लोमाचेंकोने त्याला जवळजवळ झोपवलं होतं, पण तोवर उशीर झाला होता. तीन महिन्यांनी तिसऱ्या फाईटला तो वर्ल्ड चॅम्पियन झाला ते ठीक, पण तो लोमाचेंको आहे. पीट रॅडमाकर १९५६ चं ऑलिंपिक हेवीवेट गोल्ड घेऊन १९५७ ला प्रो डेब्यूच फ्लॉइड पॅटरसनविरुद्ध, तोही वर्ल्ड टायटलसाठी खेळला. दुसऱ्या राउंडला त्याने पॅटरसनला खाली पाडलं होतं, सहाव्यात स्वतः संपला.

आणि पीटर बकलीचं नाव ऐकलंय का? ३०० फाईट, ३२ विजय, २५६ पराभव, १२ ड्रॉ. २००८ ला शेवटची फाईट जिंकून घरी गेला. नसीम हमेद जगज्जेता व्हायच्या आधी दोनदा ह्याच बकलीशी खेळलाय. त्याला भाडोत्री म्हणा बघू.

माझ्या पहिल्या कोच सरांनी म्हटलं होतं. मी अवे कॉर्नर, म्हणजे प्रमोटरच्या पोराच्या समोरची बाजू, घेतला हे कळल्यावर म्हणाले, "हरायचे पैसे घेणार असशील तर माझ्या जिमचं नाव लावू नकोस." तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो. मला आजपर्यंत एकाही माणसाने हर म्हणून सांगितलेलं नाही, एक राउंडसुद्धा मी सोडून दिलेला नाही.

बरं, सांगावं लागत नाही, हेही खरं. त्याच फाईटच्या पाचव्यात माझे दोन डावे हुक त्याच्या लिव्हरवर बसले, त्याचं कोपर खाली आलं, हनुवटी उघडी, आणि मी उजवा टाकला नाही. मोडलेला तोच हात, तीन आठवड्यांवर पुढची फाईट बुक, आणि प्रमोटरच्या लाडक्याला झोपवणाऱ्याला मॅचमेकर परत फोन करत नाही हे या धंद्यातलं शेंबडं पोर सांगेल. सर, याला तुम्ही विकलं जाणं म्हणत असाल तर म्हणा. पण तुमच्यासारख्याच एका कोचने त्या पोराला तीन राउंडचं बनवून पाठवलं होतं, उरलेले तीन त्याला माझ्याकडून मिळाले.

असो, तुमच्या भावाचं. रेकॉर्डमधले पराभव मोजू नका, त्यातले नॉकआउट किती ते बघा. ४० हरलेला पण दोनदाच झोपलेला माणूस सोनं आहे, तो शेवटच्या बेलपर्यंत उभा राहणार आणि भावाला काम लावणार. ५ पैकी ५ पहिल्या राउंडला पडलेला माणूस मॅनेजर आणत असेल तर भांडा, त्यात खरंच फसवणूक आहे, तुमच्या भावाची. डेब्यू चार राउंडचा, मग दोन-तीन वेळा चारही राउंड पुरे खेळू देत, एखादा लेफ्टी, एखादा अंगावर टेकणारा, आणि मगच सहा. नॉकआउट नाही झाला म्हणून घरी तोंड पाडून बसू नका. आणि शून्य पराभव म्हणजे देव्हारा नव्हे, बर्नार्ड हॉपकिन्स १९८८ ला डेब्यूच हरला होता, ४९ व्या वर्षी त्याच्याकडे दोन वर्ल्ड टायटलचे बेल्ट होते.

हे सगळं भाऊ २०-२२ चा आहे असं धरून लिहिलंय. तिशीला आला असेल तर एवढा वेळ नाही, रिस्क लवकर घ्यावी लागेल. वजन जास्त असेल तर ग्लोव्हजही दहा औंसचेच मिळतील, आठचे वेल्टरवेट या वजनगटापर्यंतच. टायटल किती वर्षांत ते मला विचारू नका.

एक राहिलं. प्रोमध्ये वजन आदल्या दिवशी असतं, तिथे समोरच्याला भेटेल तेव्हा भावाला सांगा, नमस्कार कर, पण किती हरलास म्हणून विचारू नकोस. त्या पोराने विचारलं होतं. चौथ्या राउंडला मला ते आठवत होतं.