प्राचीन ग्रीक वैद्यकात जखमेची पट्टी, बोळा आणि वात यांना कोणते शब्द होते?

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘मोतोस’. जखमेत खोलवर सारायची लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) कापडाची वात, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे गळवात वात भरत, तोच हा प्रकार. जखमेचे तोंड वरून लवकर मिटू नये आणि आतला पू वाहत राहावा, हा त्यामागचा हेतू. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात छातीत पू साठलेल्या रुग्णाची बरगड्यांमधली जागा छेदून पू थोडा काढावा, मग कोऱ्या लिननची वात दोरा बांधून आत बसवावी, आणि रोज एकदा पू वाहू द्यावा, असे सांगितले आहे. पुढे पू पातळ झाला की कथिलाची पोकळ नळी घालायची, आणि तिलाही नाव ‘मोतोस’च. आजच्या ड्रेनेज ट्यूबची ही पूर्वज मला फार विलक्षण वाटते.

बाहेरून बांधायच्या पट्टीला ‘एपिदेस्मोस’, लिननच्या पट्टीला ‘ओथोनिओन’, तर जखमेवर ठेवायच्या कापडी घडीला ‘स्प्लेनिओन’ म्हणत. हा शेवटचा शब्द प्लीहेच्या नावावरून आला आहे. योनीत ठेवायच्या औषधी बोळ्याला ‘पेसोस’ म्हणत, जो मुळात पटावरच्या सोंगटीचा शब्द. इंग्रजी ‘पेसरी’ त्यातूनच निघाला. गुदद्वारात घालायच्या औषधी वातीला ‘बालानोस’, म्हणजे ओकचे फळ, हे नाव अर्थातच आकारावरून पडले. लेप थापण्याच्या क्रियापदावरून झालेला ‘एम्प्लास्त्रोन’ मात्र लॅटिन आणि इंग्रजीमार्गे ‘प्लास्टर’ होऊन मराठीतही रुळला आहे.